उरलेल्या जागेतलं शूटिंग

आमच्या दुकानाच्या काचेवर हल्ली एक नवा कागद चिकटवलाय. ‘जुन्या ब्ल्यू-रे डिस्क कॉम्प्युटरवर लावून, पेन ड्राइव्हवर घालून मिळतील.’ खाली बारीक अक्षरांत, ‘चालल्या तर.’ हे ‘चालल्या तर’ मी लिहायला लावलं. आमच्या ह्यांच्यावर सोडलं असतं तर ‘खात्रीने’ असं ठसठशीत लिहून मोकळे झाले असते. आयुष्यभर हेच केलंय त्यांनी. आधी शब्द देऊन टाकायचा, मग तो पाळायला घरभर धावायचं, आणि आपल्यामागे मलाही धावायला लावायचं.

आमचे हे म्हणजे शूटिंगवाले. खरं नाव पोस्टमनला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नाही. उंच, काटकुळे, एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर, आणि घरभर शोधताहेत तिसरा. समोर माणूस दिसला की बोटांची चौकट करून त्याला त्यात बसवणार. एकदा दवाखान्यात डॉक्टर ह्यांची छाती तपासत होते, तर हे म्हणतात कसे, ‘डॉक्टर, जरा खिडकीकडे वळा, चेहऱ्यावर छान उजेड येतोय.’ मी कपाळाला हात लावला.

तरुणपणी हे दुसऱ्या एका शूटिंगवाल्याच्या हाताखाली नुसता दिवा धरून उभे राहायचे. तो मोठा, माणसाला भाजून काढणारा दिवा. दिवा धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही, सगळे कॅमेऱ्याकडे बघतात. पण ह्यांचं म्हणणं, लग्न खरं दिसतं ते दिवा धरणाऱ्यालाच. पुढे स्वतःचा कॅमेरा आला, घराच्या पुढच्या खोलीत दुकान झालं, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही उरलो. आमच्या स्वतःच्या लग्नात तर हे मध्येच उठून कॅमेरावाल्याला सांगायला गेले होते, ‘अहो, इकडून घ्या, तिकडून सावली पडते.’ तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

सगळं बरं चाललं होतं आणि एके वर्षी ह्यांच्या डोक्यात ब्ल्यू-रे शिरलं. दिसायला इतर डिस्कसारखीच डिस्क, पाठ तेवढी जरा काळपट. हे मला दुकानात ओढून घेऊन गेले. ‘बघ, बघ! नवरीच्या पापण्या मोजून घे!’ मी म्हटलं, ‘नवरीच्या पापण्या कुणाला मोजायच्यात?’ पण ऐकतील तर शप्पथ. हेच आता घरोघरी येणार, असं ह्यांनी ठरवून टाकलं, आणि जग ह्यांच्या मागून येईल म्हणून वाट बघत बसले. जग आलं नाही. लोक डिस्क घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी दारात. ‘शूटिंगवाले, लागत नाही हो.’ लागणार कशी? ब्ल्यू-रेला ब्ल्यू-रेचंच यंत्र लागतं, आणि ते कुणाकडे असायचं? एखाद्या हौशी माणसाकडे. मग हे निमूटपणे साधी डिस्क करून द्यायचे. ज्याच्याकडे यंत्र असेल तो मात्र ह्यांचा लाडका. त्याच्यासाठी जीव ओतायचे.

त्या डिस्कमध्ये जागा तर इतकी, की लग्न संपायचं पण डिस्क संपायची नाही. आता मला रिकामी जागा बघवत नाही, हा माझा स्वभाव. प्रवासाची बॅग भरताना मी बुटांत मोजे कोंबते आणि मोज्यांत औषधाच्या बाटल्या. तेव्हाही मी बोलले होते, ‘एवढी जागा तशीच रिकामी पाठवता? काय पण उधळेपणा!’ हे हसले होते. मी बोलले आणि विसरून गेले.

आणखी एक सांगायचं म्हणजे ह्यांच्या फिल्मची रीत. शूटिंगवाल्यांची सगळ्यांचीच असते म्हणा, पण हे त्यात सोवळे. हॉलमधला गोंगाट, पोरांचं रडणं, भांड्यांचा खणखणाट, माइकची किंचाळी, हे सगळं पुसून टाकायचं आणि वर गाणी घालायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत गाणी. ‘माझ्या फिल्ममध्ये एक वेडावाकडा आवाज ऐकू येणार नाही,’ असं छाती फुगवून सांगायचे. आणि कुणी ह्यांच्यावर खेकसलेलं असेल, ‘अहो, बाजूला व्हा’ म्हटलेलं असेल, तर तो तुकडा आधी कापायचा. अब्रूचा प्रश्न होता ना.

पुढे मोबाइल आले, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आला, आणि दुकानात ओळखपत्राचे फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशन उरलं. टीव्हीला जोडलेलं ब्ल्यू-रेचं यंत्र जळालं. जुना कॉम्प्युटर मी भंगारवाल्याला दिला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका दुपारी ती मुलगी दुकानात आली. मी आत भांडी आवरत होते. बाहेरून खणखणीत आवाज आला, ‘अहो शूटिंगवाले! कुणी आहे का दुकानात, की सगळं उघडं टाकून झोपलात?’

हे खरंच झोपले होते, खुर्चीत, तोंड उघडं टाकून. मी हात पुसत बाहेर आले. विशीतली पोरगी, औषधाच्या दुकानातल्या कामाचा पांढरा कोट अंगात, हातात एक डिस्क. वरच्या कागदावर ह्यांच्याच दुकानाचं नाव आणि कोपऱ्यात निळ्या अक्षरांत ‘ब्ल्यू-रे’. ते बघितल्याबरोबर ह्यांची झोप कुठल्या कुठे पळाली.

‘ही तुम्ही केलेली ना? लागत नाही कुठेच. आमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावली, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर लावली. आत डिस्क आहे हेच मान्य करत नाही तो.’

‘कसा करेल? त्याला ब्ल्यू-रेचा ड्राइव्ह हवा. साध्या ड्राइव्हला ही वाचताच येत नाही,’ हे म्हणाले. ‘कुणाचं लग्न?’

‘माझ्या मामाचं.’

मामाचं लग्न म्हटल्यावर ह्यांना आठवलं. हौशी माणूस. लग्नाआधीच मोठा टीव्ही आणि ब्ल्यू-रेचं यंत्र घेऊन बसलेला. त्याचंही यंत्र केव्हाच बिघडून गेलं होतं. आता घर बदलताना कपाटाच्या तळाशी ही डिस्क सापडली आणि त्याने भाचीला दिली.

‘एक विचारू का गं?’ मी म्हटलं. ‘मामाचं लग्न बघायची तुला एवढी कसली घाई?’

तिने डिस्क टेबलावर ठेवली. मग सरळ बोलली, आडपडदा न ठेवता. ‘काकू, माझी आई ह्याच्यात आहे. मामाच्या लग्नानंतर वर्षभरात ती गेली. मी तेव्हा एवढीशी होते. फोटो आहेत भरपूर, चेहरा पाठ आहे मला. पण आवाज आठवत नाही. खूप आठवून बघते, नाहीच येत. मामा म्हणतो, ताई त्या दिवशी शूटिंगवाल्याला चांगली झापत होती, ते त्यात असणारच. ती मला काय हाक मारायची, ते पण कुणी धड सांगत नाही. आजी म्हणते चिंगी, मामा म्हणतो भिंगरी. मला एकदा ऐकायचंय. बस.’

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. झापलेला तुकडा हे ठेवतात की काय करतात, ते मला माहीत होतं. पण त्या पोरीच्या तोंडाकडे बघून बोलवेना. आणि हे तर काय, शब्द देऊनच बसले. ‘आठवड्याभरात लावून दाखवतो. निश्चिंत जा.’

ती निघाली, दारात थांबली. ‘आणि अहो, जेवलात का? दोन वाजून गेलेत. डोळे बघा कसे खोल गेलेत तुमचे. आमच्या दुकानात असलेच लोक येतात, उपाशी राहतात आणि मग ॲसिडिटीच्या गोळ्या मागतात.’

‘जेवले गं, जेवले!’ मीच सांगितलं.

ती गेल्यावर हे उठले, स्टूल ओढलं आणि माळ्यावर हात घातला. माझी ठेवणीतली शाल बाहेर आली. किती वर्षं मी ती शाल शोधत होते! तिच्यात बाळासारखा गुंडाळलेला होता ब्ल्यू-रेचा ड्राइव्ह. मी कॉम्प्युटर भंगारात द्यायच्या आधीच ह्यांनी त्याच्या पोटातून तो काढून घेतला होता. मी चांगली फैलावर घेणार होते, पण ह्यांचा चेहरा इतका फुलला होता की म्हटलं, जाऊ दे, शालीचं नंतर बघू.

रस्त्यापलीकडे कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई आहे, तिला आम्ही कॉम्प्युटरवालीच म्हणतो. तिच्याकडून ड्राइव्ह बाहेरून जोडायची वायर आणि डबी आणली. ड्राइव्ह जोडला, डिस्क आत गेली, घुर्र घुर्र फिरली. ‘ये बाळा, ये,’ हे त्या यंत्राला चुचकारत होते. मला कधी एवढ्या मायेने बोलावलं असेल तर आठवत नाही. पडद्यावर डिस्कचं नाव आलं. हे टाळी वाजवणार, तेवढ्यात कॉम्प्युटरने हात वर केले. डिस्क दिसते, पण चालवायचं कशाने ते मला ठाऊक नाही, अशी त्याची तऱ्हा. ह्यांना कळलं, ड्राइव्ह झाला तरी चालवणारं सॉफ्टवेअर वेगळं लागतं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये ते होतं. जुना कॉम्प्युटर मी दिलेला. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

मग सुरू झाला शोध. हे इंटरनेटवर बसले म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे, समोर येईल ते घेणार. एका ठिकाणी ‘फुकट’ असं पानापेक्षा मोठं बटण होतं. मी म्हणत होते, थांबा, आधी विचारू कुणाला. ह्यांनी दाबलं. त्यातून एक सॉफ्टवेअर आलं, त्याने आपल्याबरोबर सगेसोयरे आणले, त्यांनी कॉम्प्युटरचं तोंडच बदलून टाकलं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भोंगा सुरू! आतून एक बाई इंग्रजीत ओरडायला लागली, पडदा लालेलाल. झेरॉक्सला आलेले एक आजोबा कागद टाकून बाहेर पळाले. मी सरळ जाऊन वायर उपटली.

‘अगं, असं बंद करायचं नसतं!’

‘आणि असं चालू करायचं असतं का?’ मी म्हटलं. ‘तुम्हाला फुकट म्हटलं की दिसायचं बंद होतं. त्या पोरीची एकुलती एक डिस्क आत आहे, तिला काही झालं तर काय तोंड दाखवणार?’

ह्यावर मात्र ह्यांनी मान डोलावली. कारण ते खरंच होतं. ह्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. मूळ शूटिंग ज्या हार्ड डिस्कवर असायचं ती पुसून पुढच्या लग्नाला वापरायचे. त्या लग्नाचं जे काही या जगात होतं ते त्या काळपट तबकडीवर, आणि तिच्या कडेला एक डाग पडायला लागला होता. मी तो डाग बघितला होता. ह्यांनीही बघितला होता. एकमेकांना सांगितला नव्हता इतकंच.

दुसरं एक सॉफ्टवेअर आणलं, ते सभ्य होतं. ते चाललं! लग्नाचा हॉल दिसला, स्टेज दिसलं, गाणं सुरू झालं. पण नवरीच्या बरोबर तोंडावर त्या कंपनीचं नाव आडवं छापलेलं. नवरी हसली की त्या अक्षरांतून दात दिसायचे. आणि थोडा वेळ चालून जे थांबलं ते पाटी दाखवून बसलं, विकत घ्या मगच पुढे. हे विकत घ्यायला निघाले होते. मी म्हटलं, ‘आता तरी त्या बाईला विचारा. तिचा धंदा आहे तो. की तुमची अब्रू जाते?’

नेमकी त्याच वेळी मुलगी आली, जेवणाच्या सुटीत. ‘अहो शूटिंगवाले, जेवलात का?’ हे तिचं दारातूनच. जणू तीच ह्यांची सासू. मी आतून ओरडून सांगितलं, ‘जेवलेत, पण चावून नाही, नुसतं गिळलंय!’ मला ती पोरगी आवडायला लागली होती. बोलताना एक बोट पुढे करायची, आणि खेकसायची ती दुसऱ्याच्याच काळजीने. तिने पडद्यावर नवरीच्या तोंडावरची अक्षरं बघितली आणि हसत सुटली. मग म्हणाली, ‘पण लागली तरी! म्हणजे आहे आत सगळं.’ तिच्या डोळ्यांत एवढी आशा, की मीच नजर वळवली. पोरी, आत काय आहे ते मला विचार, असं मनात आलं. पण म्हटलं, कुणी सांगावं.

शेवटी हे कॉम्प्युटरवालीकडे गेले. ती आली, आधी कॉम्प्युटरमधले सगळे आगंतुक हाकलले, आणि मग ह्यांना विचारलं, ‘डिस्क विकतच्या सिनेमाची की घरची?’

‘घरची. म्हणजे माझी. मीच केलेली.’

‘मग एवढं काय घेऊन बसलात? सिनेमाच्या ब्ल्यू-रेला कुलूप असतं, कुणी नक्कल करू नये म्हणून. त्याची किल्ली असलेलं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं. तुमच्या डिस्कला कुलूप कोण लावणार? तुम्ही लावलं होतं का?’

‘मला नसतं आलं लावता,’ हे प्रामाणिकपणे म्हणाले.

‘मग साधा फुकटचा प्लेअर पुरे. खरा फुकटचा, भोंगेवाला नाही.’ तिने तो घातला, दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि फिल्म सुरू झाली. स्वच्छ, कुणाचं नाव नाही, काही नाही. जाताना ती म्हणाली, ‘ह्यात तुमचा मेनू, म्हणजे सुरुवातीची यादी, दिसणार नाही कदाचित, मुख्य फिल्म सरळ सुरू होईल. चालेल ना?’ हे म्हणाले चालेल. एका साध्या प्रश्नासाठी आठवडा घालवला होता ह्यांनी, पण ह्यांचा आनंद बघायला हवा होता. चित्र खरंच सुंदर होतं हो. इतकी वर्षं मी चेष्टा केली, पण नवरीच्या पापण्या मोजता आल्या असत्या. तसं मी बोलूनही दाखवलं. हे दिवसभर फुलून हिंडत होते.

मुलीला निरोप धाडला. ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली, दुकानात सांगून, जास्तीची सुटी घेऊन. मी तिला ह्यांच्या शेजारी खुर्ची दिली. हे सकाळपासून न जेवता डिस्क पुसत, ड्राइव्ह झटकत बसले होते.

फिल्म सुरू झाली. हॉल, दारातली माणसं, नवरा, नवरी. वर गाणं. मग एक बाई झपाट्याने पडद्याच्या एका कडेने आली आणि दुसऱ्या कडेने गेली, हातात ताटांची चळत. मुलगी पुढे वाकली. ‘ही! हीच.’ मग जेवणाच्या टेबलांपाशी ती परत दिसली, कुणाला तरी काही सांगत होती, तोंड हलत होतं, हात हलत होते. आणि वर गाणं. मग स्टेजवर घरच्यांचा फोटो, ती कडेला, काहीतरी बोलून सगळ्यांना हसवलं. सगळे हसले. त्या हसण्याचाही आवाज नाही. गाणं.

मुलीने शेवटपर्यंत बघितलं. शेवटी ह्यांच्या दुकानाचं नाव गोल गोल फिरत आलं आणि फिल्म संपली.

‘आवाज?’ तिने विचारलं. अगदी हळू.

आमच्या ह्यांना मी भांडताना बघितलंय, रडताना बघितलंय, पण एवढं लहान झालेलं बघितलं नव्हतं. ‘आम्ही गाणी घालायचो,’ हे म्हणाले. ‘हॉलमध्ये फार गोंगाट असतो, बाळा. तेव्हा वाटायचं, त्यात ऐकण्यासारखं काय आहे.’

‘असू दे,’ ती म्हणाली. ‘चालताना तरी बघितलं. केवढी भरभर चालायची.’ आणि पिशवी उचलली. तिला आम्हाला वाईट वाटू द्यायचं नव्हतं, ह्याचंच मला जास्त वाईट वाटलं. आणि मला राग आला. कुणाचा म्हणाल तर त्या गाण्यांचा. एवढी मोठी डिस्क, एवढी जागा, आणि एका बाईचं एक वाक्य मावलं नाही त्यात?

जागा म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी लखकन झालं.

‘अहो,’ मी म्हटलं, ‘त्या डिस्कमध्ये जागा उरायची. तुम्ही तशीच रिकामी पाठवायचात?’

‘अं?’

‘मी तुम्हाला बोलले होते ना, उधळेपणा म्हणून. मग काय करायचात?’

हे माझ्याकडे बघत राहिले. मग डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर आला, डोळ्यांवरचा टेबलावर. ‘तू बोललीस म्हणूनच भरायला लागलो,’ हे पुटपुटले. ‘कापून टाकलेले तुकडे. टाकवत नव्हते ना. म्हटलं जागा आहे तर जाऊ देत बापडे. मेनूमध्ये नाही द्यायचो, लोक म्हणतील हा काय कचरा. नुसता एक फोल्डर करून आत सारून द्यायचो. पण सगळ्या डिस्कमध्ये नाही गं. कधी वेळ असला तर. ह्यात आहे की नाही, देव जाणे.’

‘मग देवाला कशाला विचारता? उघडा की!’

मुलगी दारातून परत फिरली. ह्यांनी प्लेअर बंद केला आणि डिस्क नुसतीच उघडली, कपाट उघडतात तशी. आत फोल्डरच फोल्डर, इंग्रजी नावांचे. खाली खाली जाताना एकाचं नाव होतं, ‘उरलेलं’. ह्यांना घाईत बाण त्या नावावर धरता येईना. शेवटी मुलीनेच माउस हातात घेतला.

आत तुकडेच तुकडे. नावं नाहीत, नुसते आकडे. पहिला लावला तर छताचा पंखा. दुसऱ्यात ह्यांचेच बूट. तिसऱ्यात कुणाची तरी पाठ. पण आवाज होता! हॉलचा तो सगळा कल्लोळ, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, एक पोर भोकाड पसरतंय. एरवी मी कानावर हात ठेवले असते. डिस्क मध्येच अडखळत होती, डागापाशी येऊन घुरघुरत होती. ‘ये बाळा, ये,’ हे म्हणत होते.

बरेच तुकडे बाकी होते. माझ्याने बसवेना. मी आत गेले, चहाचं आधण ठेवलं. कान बाहेरच होते, पण गोंगाटच गोंगाट. मग तोही थांबला. बहुतेक दुसरा तुकडा लावत असतील, म्हणून मी साखरेचा डबा काढला.

‘अहो शूटिंगवाले! जेवलात का?’

मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरगी सावरली, हिला परत ह्यांच्या जेवणाची काळजी सुचायला लागली. मी आतूनच ओरडले, ‘कुठले जेवताहेत गं! सकाळपासून तुझ्या डिस्कला चिकटून बसलेत. आता तूच सांग त्यांना, माझं काही ऐकत नाहीत!’

‘नाही ना जेवलात? मला माहीतच होतं. आधी तो दिवा बंद करा. आजीच्या डोळ्यांवर किती वेळ मारणार? आणि जा, जेवून या. लग्न काही पळून जात नाही.’

दिवा? भर दुपारी कसला दिवा? मी गाळणं हातात घेऊन तशीच बाहेर आले.

मुलगी खुर्चीत बसली होती. दोन्ही हात तोंडावर घट्ट धरलेले. हे तिच्या शेजारी, गालांवरून पाणी वाहतंय ते पुसायचंही भान नाही. आणि पडद्यावर ती बाई, केस सुटलेले, काखेत ताटं, एक बोट थेट कॅमेऱ्याकडे रोखलेलं. मग तिने मान वळवली आणि खाली बघून खेकसली, ‘भिंगरे! वायरीवरून उड्या नको मारूस, पडशील!’ एक एवढंसं पोर वायरीवरून उडी मारून पडद्याच्या कडेने पळालं. तुकडा संपला.

 आत आधण उकळत होतं.

‘काकू,’ मुलगी म्हणाली, तोंडावरचे हात न काढता. ‘तुम्ही आत्ता कुणाला उत्तर दिलंत?’

‘तुला.’

‘मी बोललेच नाही.’

ते माझ्याही तेव्हाच ध्यानात आलं. मी तिथेच स्टुलावर बसले. ती पडद्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मग तिने हात खाली घेतले, घसा खाकरला आणि सावकाश, नव्यानेच बोलायला लागल्यासारखी म्हणाली, ‘अहो शूटिंगवाले, जेवलात का?’ आणि स्वतःचंच बोलणं कान देऊन ऐकत राहिली. इतकी वर्षं सगळीकडे शोधत होती बिचारी, आणि येईल त्या दुपारी आमच्या दारात तोच आवाज आम्हाला ऐकवून जात होती.

‘नाही गं, नाही जेवलो,’ हे म्हणाले. पडद्यावरची आणि समोरची, दोघींनाही उद्देशून म्हणाले, मला कळलं.

मग ती रडली. चांगलं मोकळं होऊन रडली, आणि रडता रडता हसत म्हणाली, ‘भिंगरीच होते मी. मामाच बरोबर होता.’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, ह्यांना म्हटलं, आधी ते सगळं दोन-तीन ठिकाणी उतरवून ठेवा, डाग वाढायच्या आत. आणि आत जाऊन चहाचं पातेलं उतरवलं, अन्न गरम केलं आणि तिघांची ताटं वाढायला घेतली.